फोर्कलिफ्ट वळते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. भिवंडीजवळ मानकोली, दापोडे, पूर्णा या भागांतल्या गोदामांत कामाला जाणारे तुमच्यापैकी बरेच जण आता डबा भरत असतील. आज थोडं फोर्कलिफ्टविषयी, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दातांवर माल उचलून नेणाऱ्या गाडीविषयी बोलू.

ही गाडी मोटारीसारखी वळत नाही. हिचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर. म्हणजे पुढची बाजू डावीकडे वळली की मागची उजवीकडे झपकन बाहेर येते, आणि त्या मागच्या बाजूलाच ओतीव लोखंडाचं वजन बसवलेलं असतं. अडीच टन उचलणारी गाडी रिकामी असली तरी चार टनांच्या आसपास भरते. ड्रायव्हरची नजर असते पुढच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचलेल्या फळ्यांच्या चौकटीवर. रॅक आणि गाडी यांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला सरकायला जागाच उरत नाही. वेग चालण्याइतका असला तरी पाय चिरडायला तेवढा पुरतो.

दुसरा धोका खुद्द ड्रायव्हरला. माल वर उचललेला ठेवून वळण घेतलं की गाडी कलंडते. घाबरून माणूस बाहेर उडी मारतो, आणि डोक्यावरच्या संरक्षक छपराचा लोखंडी खांब नेमका त्याच्याच अंगावर येतो. बसून चालवायच्या गाडीत पट्टा लावायचा, गाडी कललीच तर स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि ज्या बाजूला ती पडतेय त्याच्या उलट झुकायचं. उडी नाही. माल जमिनीपासून वीतभर वर ठेवूनच गाडी न्यायची. समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये.

आणि पॅलेटवर माणूस उभा करून वरच्या रॅकवरचा खोका काढायला लावणं! दिवाळीच्या गर्दीत सुपरवायझर म्हणतो, ‘दोन मिनिटांचं काम आहे.’ सरळ नाही म्हणा.

मालकांनाही एक सांगणं आहे. ‘सावधान’चे फलक पुष्कळ लावले जातात, पायी चालणाऱ्यांची वाट लोखंडी कठड्याने वेगळी केलेली मात्र क्वचितच दिसते. माझ्या मते खर्च करायचा तर आधी त्या कठड्यावर करावा.

इजा झालीच, तर पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असल्यास दावा तिकडे करायचा. नसेल, तर ठेकेदाराच्या माणसालाही मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. ही तरतूद 1923 पासून कायद्यात आहे. दाव्याला मुदत दोन वर्षांची. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्या आणि दवाखान्यात ‘घरी पडलो’ असं कुणाच्याही सांगण्यावरून लिहू देऊ नका.