नऊपैकी सात ताऱ्यांनी दिलेली साक्ष

नमस्कार मंडळी! अंगठी असेल हातात तर बघा जरा तिच्याकडे. हे सोनं घडलं कुठे, याचा एक धागा सापडलाय अशा दीर्घिकेत, जिचा सगळा उजेड एकत्र केला तरी जेमतेम काही हजार सूर्यांएवढा भरतो.

तिचं नाव रेटिक्युलम २. अंतर साधारण १ लाख प्रकाशवर्षं. २०१५ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-पाहणीच्या छायाचित्रांत ती सापडली. आपली आकाशगंगा महानगर म्हटली, तर ही चार घरांची वाडी.

सुरुवातीला विश्वात होता हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम. बाकी जवळपास सगळं ताऱ्यांनी शिजवलं. खगोलवाले त्या 'बाकी'ला सरसकट धातू म्हणतात. हो, ऑक्सिजनलासुद्धा! रसायनशास्त्राच्या बाई कान पिळतील.

मोठे तारे लवकर फुटतात, मॅग्नेशियम, कॅल्शियम उधळतात, त्यातून पुढची पिढी जन्मते. आकाशगंगेत हे अजून चालू आहे. या पिटुकलीचं गुरुत्वाकर्षण मात्र तोकडं. पहिल्या दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशानं वायू तापला, आणि तो हिला धरून ठेवता आला नाही. वायू गेला, भट्टी विझली. म्हणून हिचे बहुतेक तारे १२-१३ अब्ज वर्षांचे म्हातारे.

आता खरी गंमत. २०१६ मध्ये अलेक्झांडर जी (आडनावच 'जी' आहे, मी आदरानं लावलेलं नाही), अ‍ॅना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणीतून त्यांनी इथले नऊ तारे तपासले. ताऱ्याच्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याच्या ओळखीच्या रेषा, म्हणजे वर्णरेषा, दिसतात. सोन्याच्या टिपणं अवघड, म्हणून सोनं घडतं त्याच प्रक्रियेत बनणारं दुसरं जड मूलद्रव्य, युरोपियम, शोधतात. सात ताऱ्यांत ते निघालं, तेही अशा इतर मंद दीर्घिकांपेक्षा शेकडो पटींनी जास्त!

नेहमीच्या तारास्फोटांतून ते येत असतं, तर इतर छोट्या दीर्घिकांतही दिसलं असतं. म्हणजे घटना दुर्मीळ, बहुधा एकच. केशराची एक काडी पातेलंभर दुधात हरवते, वाटीत टाकली की सगळी वाटी पिवळी. ही दीर्घिका ती वाटी.

काडी कुठली? बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (मोठे तारे फुटल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गाभ्यांची) टक्कर. एक विरळा तारास्फोटही अजून संशयितांत आहे. पण २०१७ मध्ये अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच बारीक थरथरी) टिपल्या गेल्या, आणि मागोमाग दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्यांच्या खुणा मिळाल्या.

अशा लहरी टिपणारं एक यंत्र, लायगो-इंडिया, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायचाय. ते सुरू झालं की कॅमेरा घेऊन तिथे जायचंय. येणार ना सोबत?