बरणीतले लाल ठिपके

अमेरिकेतलं ओहायो राज्य. आजोबा गेले आणि त्यांचं गॅरेज नातवाच्या वाट्याला आलं. भिंतीला टेकलेल्या बाकावर वापरलेली बारा बोअरची काडतुसं, छर्र्यांच्या पिशव्या, आणि काडतुसं पुन्हा भरायचा 'मेक' प्रेस. वरच्या फळीवर काचेची अर्धी भरलेली बरणी. चिकटपट्टीवर पेन्सिलीनं दोनच अक्षरं : आर. डी.

याच राज्यातल्या व्हँडालियामध्ये २००५ पर्यंत ट्रॅप नेमबाजीची 'ग्रँड अमेरिकन' स्पर्धा भरायची. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, तर सरावाला शेकड्यांनी काडतुसं लागणार. म्हणून घरोघरी प्रेस.

आर. डी. म्हणजे रेड डॉट असणार, हा पहिला अंदाज. हर्क्युलिस कंपनीनं १९३२ साली आणलेली ही बंदुकीची बिनधुराची दारू. चिमूटभर पांढऱ्या ताटलीत पसरू या. काळसर करड्या, गोल, चपट्या चकत्या, आणि मधूनच एखादी लाल. रंगाचा जळण्याशी संबंध नाही, तो ओळखीपुरता. नातू खूश!

आता भिंग जरा डावीकडे सरकवा. तिथं दोन चकत्या हिरव्या आहेत.

हिरवी म्हणजे ग्रीन डॉट, रेड डॉटपेक्षा सावकाश जळणारी. आजोबांनी एखाद्या रात्री प्रेसमधली उरलेली दारू इथंच ओतली असेल. किती, कोणती, त्यांनाच ठाऊक.

वास घेऊन बघा, कोणी सांगेल. उग्र, आंबूस वास किंवा तांबूस वाफ आली तर दारू कुजली, एवढं नक्की कळतं. वास चांगला आला म्हणून नाव कळत नाही. चिमूटभर पेटवून बघा, दुसरा सांगेल. उघड्यावर सगळ्याच अशा भुरकन जळतात. नळीत कोंडल्यावर कोणती किती वेगानं जळेल, ते त्या ज्योतीत दिसत नाही.

त्यातून हा प्रेस दारू वजनानं मोजत नाही, मापानं मोजतो. दांडी सरकते, तिच्यातल्या बुशिंगचं, म्हणजे ठरावीक मापाच्या पोकळ कडीचं, भोक भरतं, तेवढी दारू काडतुसात पडते. त्याच भोकात हलक्या चकत्यांऐवजी गोळीदार, जड दारू आली तर वजन जवळजवळ दुप्पट. एका काडतुसाला लागते जेमतेम सव्वा ग्रॅम. आणि पावणेतीन इंची बारा बोअरला अमेरिकेत ठरलेली दाबाची मर्यादा आहे ११,५०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. चूक इथं चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते.

आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू चालते. तिच्यात ही बिनधुराची ठासली तर नळीच्या चिंधड्या. दिसायला दोन्ही काळ्याच!

प्रयोगशाळा चकत्यांचा आकार मोजेल, त्यातली रसायनं सांगेल. पण या बरणीतल्या मिश्रणाचं माप कुठल्याच तक्त्यात छापलेलं नाही. म्हणून जुने लोक बाकावर एका वेळी एकच डबा ठेवतात, आणि काम संपलं की उरलेली दारू मूळ डब्यातच परत ओततात. शिवाय काचेची बरणी मुळात चूकच. कंपनीचा डबा मुद्दाम लेचापेचा असतो, आग लागली तर चटकन उघडावा म्हणून.

नातवानं प्रेस ठेवून घेतला. प्रेसवरची प्लास्टिकची बाटली आतून पिवळट पडली होती. दारू तशीच राहिली की प्लास्टिक असं डागाळतं. ती त्यानं बदलली. बरणीतली दारू अंगणापलीकडे, मोकळ्या मातीवर, पातळ रेघेत पसरली आणि लांब काडीनं एक टोक पेटवलं. पिवळी ज्योत रेघेवरून पळत गेली. आवाज झालाच नाही.