रवींद्रनाथांचं झाड आणि नवी वाइन

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला हंगेरीतल्या एका गावी न्यायचं आहे. गावाचं नाव बालाटोनफ्युरेड. जीभ अडखळली तर तिथले लोक करतात तसं करा, नुसतं फ्युरेड म्हणा. बुडापेस्टहून आगगाडीनं दोन-अडीच तास गेलं की बालाटोन सरोवर लागतं. लांबी 77 किलोमीटर आणि खोली सरासरी जेमतेम 3 मीटर, असं हे पसरट पाणी. त्याच्या उत्तर काठावर हे गाव आहे. पाण्याच्या कडेनं एक रुंद, सावलीची वाट जाते. तिचं नाव ‘टागोर शेतान्य’. शेतान्य म्हणजे पाय मोकळे करायची वाट, आणि टागोर म्हणजे आपलेच टागोर.

1926 सालच्या ऑक्टोबरअखेर रवींद्रनाथ युरोपच्या दौऱ्यात बुडापेस्टला पोचले. वय 65, पाठीमागे महिनोन् महिन्यांचा प्रवास आणि व्याख्यानं. प्रकृतीनं हात टेकले. उपचारांसाठी त्यांना फ्युरेडच्या हृदयरोग रुग्णालयात आणलं. या गावची मूळ ख्याती पाण्याची. जमिनीतून वर येणारं, आपोआप फसफसणारं आंबूस पाणी तिथे पिढ्यान् पिढ्या औषध म्हणून प्यायलं जातं. तिथे राहून 7 नोव्हेंबरला रवींद्रनाथांनी ‘लेखन’ या आपल्या छोट्या कवितांच्या पुस्तकाची चार ओळींची प्रस्तावना लिहिली. तिच्याखाली तारखेसोबत फ्युरेडचं नाव आहे. दुसऱ्या दिवशी, 8 तारखेला, त्यांनी सरोवराकाठी लिंडनचं रोप लावलं आणि त्या रोपाला उद्देशून काही ओळी लिहिल्या. आशय असा, की मी या पृथ्वीवर नसेन तेव्हा, हे माझ्या झाडा, तुझी दर वसंतातली नवी पानं वाटसरूंच्या कानात सांगू देत : हा कवी जगला तोवर त्यानं प्रेम केलं.

आता गंमत पाहा. याच वाटेवर दर ऑगस्टमध्ये फ्युरेडचे वाइनचे आठवडे भरतात. आसपासच्या टेकड्यांवरचे बागायतदार लाकडी टपऱ्या मांडतात, गर्दी हातात पेले घेऊन झाडांखालून फिरते, बँड वाजत असतो. हृदयरोग्यानं लावलेलं झाड, औषधी पाण्याचं गाव आणि समोर वाइनची जत्रा! आपल्याकडे यावर एखादा मोर्चा निघाला असता. तिथे कुणाला यात विसंगती वाटत नाही, आणि मलाही फारशी वाटत नाही. माझी तक्रार निराळी आहे, तिच्याकडे येतोच.

आधी वाइनबद्दल थोडं. 1987 साली या गावाला ‘द्राक्ष आणि वाइनचं आंतरराष्ट्रीय शहर’ हा किताब मिळाला. इथली जमीन जुन्या लाल वालुकाश्माची. नांगरलेली बाग पाहिली तर कोकणातली तांबडी माती आठवावी. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत. खाली सरोवर. ते ऊन वर परावर्तित करतं आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचे चटके बोथट करतं. इथली मुख्य द्राक्षं ओलासरिझलिंग जातीची. ओलास म्हणजे इटालियन, आणि नावात रिझलिंगही आहे. पण जर्मनीच्या प्रसिद्ध रिझलिंगशी या जातीचं काही नातं नाही. पांढरी, कोरडी वाइन, आणि घोट गिळल्यावर मागे कडू बदामाची चव रेंगाळते. गोडाला सरावलेल्या जिभेला पहिला घोट रुचत नाही. दुसऱ्यावर निर्णय घ्यावा.

साहित्य आणि वाइन यांची गाठ कशी असते, हे बघायला मात्र फ्युरेडहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर बादाचोनला जायला हवं. काठावर ज्वालामुखीतून तयार झालेला, वरून कापल्यासारखा सपाट बेसाल्टचा डोंगर. सह्याद्रीच्या माणसाला तो अनोळखी वाटणार नाही. त्याच्या उतारावर दोन जुनी घरं आहेत : एक कवी किशफालुदी शांदोरचं, दुसरं सेगेदी रोझाचं. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, अगदी आपल्या मतदारयादीसारखं. शांदोर हा तरुण लष्करी अधिकारी. इथल्या द्राक्षकाढणीच्या दिवसांत त्याची आणि रोझाची भेट झाली असं सांगतात. प्रेम जमलं आणि बिनसलं. तो लढाईवर इटलीत गेला. 1796 मध्ये मिलानला फ्रेंचांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून दक्षिण फ्रान्समध्ये राहिला. परतल्यावर 1800 साली त्यांचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी त्याच्या विरहकवितांचं पुस्तक निघालं आणि त्यानं सगळा देश वेडा केला. लग्न झाल्यावर विरहाच्या कविता छापणारा हा नवरा रोझानं कसा सहन केला असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ती स्वतः काही कमी नव्हती. तिच्या बागेतली वनौषधी घातलेली कडवट वाइन नावाजलेली होती. त्यातली मुख्य वनस्पती आपल्या दवण्याच्या भावकीतली. जोतिबाला वाहतो, तो दवणा. रोझाच्या घरात आज साहित्य आणि वाइन यांचं एकत्र संग्रहालय आहे.

त्याच डोंगरावर केकन्येल्यू नावाची दुर्मीळ द्राक्षं होतात. नावाचा अर्थ निळ्या देठाचं. या वेलीची फुलं फक्त मादी असतात. शेजारी दुसऱ्या जातीची वेल लावली नाही, तर घड नीट भरत नाहीत. जुने बागायतदार म्हणून बुदाई झ्योल्द जातीच्या ओळी मधे मधे लावत. पुढे या दोन जातींच्या संकरातून एक नवी जात निघाली. तिचं नाव रोझाक्यो, म्हणजे रोझाचा दगड. हा दगड डोंगरावर खरोखरच आहे. सरोवराकडे पाठ करून दोघं त्यावर बसली तर वर्षाच्या आत लग्न ठरतं म्हणे. अविवाहित श्रोत्यांनी बसायची दिशा जपून ठरवावी.

कवींनी हंगेरीच्या पेल्याला शब्दही दिलाय. वाइनमध्ये सोडा घालून पितात त्याला तिथे फ्रोच म्हणतात. 1842 मध्ये बुडापेस्टजवळच्या फोत गावी, लेखक फाय आंद्राशच्या तळघरात मित्रमंडळी जमली होती. शास्त्रज्ञ येद्लिक आन्योशनं आपली सोड्याची बाटली दाखवली. जर्मन शब्द नको म्हणून कवी व्होरोशमार्टीनं फ्रोच हे नाव सुचवलं, अशी आख्यायिका आहे. आज त्याचे किती प्रकार! दोन भाग वाइन, एक भाग सोडा तो मोठा फ्रोच. एक वाइन, दोन सोडा त्याला ‘लांब पाऊल’. आणि नऊ भाग वाइनमध्ये एक भाग सोडा असेल, तर त्याला क्रूदी ज्यूला या लेखकाचं नाव दिलेलं आहे. लेखकाच्या ख्यातीबद्दल यापुढे बोलायला नको.

पुन्हा फ्युरेडला येऊ. इथे कादंबरीकार योकाई मोरचा बंगला आहे. ऐन थंडीत गोठलेल्या बालाटोनचा बर्फ तडकतो, ते दृश्य त्याच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीत आहे. मला त्याहून आवडतं ते गावातलं अनुवादकांचं घर. लिप्ताक गाबोर नावाचा लेखक आणि त्याची बायको यांच्याकडे देशभरचे साहित्यिक उतरायचे. त्याच घरात 1998 पासून जगभरचे लोक येऊन राहतात आणि हंगेरियन साहित्य आपापल्या भाषेत नेतात. इटलीचे नोबेलविजेते कवी क्वासिमोदो 1961 मध्ये रवींद्रनाथांसारखेच हृदयाच्या दुखण्यासाठी इथे आले होते. त्यांनीही झाड लावलं. त्यांच्या नावानं गावात कवितास्पर्धा होते.

आता तक्रार. नाशिकजवळच्या एका मळ्यात मी कविता आणि वाइन अशी संध्याकाळ अनुभवली आहे. कवी ओळ उचलतोय, आणि तेवढ्यात चीजची ताटली पुढे येते. ओळ संपायच्या आत कुणीतरी विचारतं, ही कुठल्या सालची हो? कवितेला तिथे लोणच्याची जागा होती. खरं तर नाशिकला हे जमायला हवं. कुसुमाग्रजांचं गाव, भोवती द्राक्षबागा, आणि त्यांचा जन्मदिवस 27 फेब्रुवारी, म्हणजे ऐन काढणीच्या हंगामात. हंगेरीतही कवितेचा दिवस एका कवीच्याच जन्मदिवशी, 11 एप्रिलला असतो. तेव्हा तिथे वेलीला नुकते डोळे फुटत असतात.

म्हणून फ्युरेडला जाऊन साहित्यसंध्या करायची असेल, तर ऑगस्ट टाळा. नोव्हेंबरमध्ये जा. 11 नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. त्या दिवशी हंगेरीत हंसाचं मांस शिजतं आणि त्या वर्षीची नवी वाइन पहिल्यांदा चाखतात. वाइनचा न्यायाधीश संत मार्टिन, अशी तिथे म्हणच आहे. रवींद्रनाथांनी झाड लावलं ते बरोबर तीन दिवस आधी. 2026 मध्ये त्या गोष्टीला 100 वर्षं होतात. लिंडनला हंगेरियनमध्ये हार्श म्हणतात. आणि हार्शलेवेल्यू, म्हणजे लिंडनच्या पानाची, अशी द्राक्षाची एक जात हंगेरीत आहेच. त्या वाइनची एक बाटली या संध्याकाळी हवीच.

दुपारी चारला झाडापाशी जमा. नोव्हेंबरात तिथे दिवस लवकर मावळतो. रवींद्रनाथांच्या त्या ओळी आधी इंग्रजीत, मग बंगालीत, मग मराठीत वाचा. सोबत एखादा स्थानिक माणूस मिळाला तर हंगेरियनमध्येही. तोवर हातात पेला नको. मग चालत एखाद्या तळघरात. वाइन चारच ठेवा : आधी ओलासरिझलिंग, मग केकन्येल्यू मिळाली तर ती, मग हार्शलेवेल्यू, शेवटी यंदाची नवी, कच्ची, जरा उग्र. प्रत्येक दोन वाइनच्या मधे एक कविता. वाचन चालू असताना ओतणं बंद. तळघरवाल्याला हे आधी सांगावं लागतं. त्याला राग येत नाही, त्यालाही ऐकायचं असतं.

आणि हो, गाडी भाड्यानं घेऊ नका. हंगेरीत दारू पिऊन चालवण्याची मुभा शून्य आहे, अर्धा पेलाही चालत नाही. रेल्वेनंच जा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी विचारून ठेवा. वाटेत क्रूदीच्या नावाचा फ्रोच मागवणार असाल, तर दोनदा विचारा.

नमस्कार.