दिवाणखाना सोडा, बेसमेंटमध्ये उतरा

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'इस्टेट सेलमधली खरेदी : काय घ्यावं, कितीला घ्यावं'. इस्टेट सेल म्हणजे घर रिकामं करताना आतलं सगळं सामान त्याच घरात किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकणं. ते सांगणारच आहे. पण त्याआधी मनात बरेच दिवस साठलेलं बोलून घेते.

आपल्यातल्या कुणाला म्हटलं, "शनिवारी इस्टेट सेलला येतेस का?" की उत्तर ठरलेलं : "अगं बाई, मेलेल्या माणसाच्या वस्तू?" एक तर प्रत्येक सेल कुणी गेल्यावरच लागतो असं नाही. कितीदा तरी म्हातारं जोडपं मोठं घर विकून लहान जागेत नाहीतर मुलीकडे राहायला जात असतं. आणि कुणी गेलेलं असलं, तरी काय बिघडलं? पणजीची नथ आपण मिरवतोच ना? आजेसासूबाईंचा पितळी डबा कुणाच्या वाट्याला यावा यावरून जावाजावा अबोला धरतात, तेव्हा हा विटाळ कुठे जातो?

मला खरं वाईट वाटतं ते आपल्याकडच्या घरांचं. वाडा पाडायला निघाला की बंब, घंगाळं, पराती सरळ मोडीत गेल्या. तराजूत टाकल्या, घट धरली, वजनाचे पैसे हातात दिले. तांबटाने ठोका ठोका देत घडवलेलं घंगाळ, पण त्या ठोक्यांचं मोल शून्य! जुन्या साड्याही जरीच्या हिशेबात गेल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास अशा घरगुती वस्तू जमवायला घेतल्या. दिवे, अडकित्ते, कातीव दरवाजे, वाद्यं असं सगळं जमवलं आणि १९७५ साली संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. पण एका घराने किती वाचवायचं? इथे निदान ज्याला चमचा हवा आहे त्याच्या घरी तो चमचा म्हणून जातो, धातू म्हणून जात नाही. मला इस्टेट सेल आवडतो तो यासाठी. स्वस्ताई त्यानंतर.

आता शिलाई मशीनची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. आपल्याच भागातलं घर, सेलचा दुसरा दिवस. गर्दी सगळी डायनिंग रूममध्ये, काचेच्या कपाटापुढे. सोनेरी काठाचा बारा जणांचा चिनी मातीचा सेट, बहुधा सणासुदीलाच बाहेर निघालेला. असे सेट आज कुणालाच नको असतात. डिशवॉशरमध्ये घालता येत नाहीत, मुलांच्या घरी जागा नाही. तरी लोक तिथेच अडकून पडतात.

मी नेहमीप्रमाणे जिना उतरून खाली गेले. वॉशिंग मशीनच्या शेजारी टेबल, त्यावर कापडाचे तुकडे रचलेले आणि त्यांच्याखाली एक काळी पेटी. चिठ्ठी चाळीस डॉलरची. उघडली तर आत सिंगर २२१! हिला इथे 'फेदरवेट' म्हणतात. १९३३ साली बाजारात आलेलं, अॅल्युमिनियमच्या अंगाचं, जेमतेम पाच किलोचं मशीन. हिच्या पट्टीवर निळ्या कडेचा बिल्ला होता, १८५१ ते १९५१. कंपनीच्या शताब्दीचा. सिंगरचा मोठा कारखाना आपल्या शेजारच्या एलिझाबेथ गावात १८७३ पासून १९८२ पर्यंत चालला, हे तुमच्यातल्या रोज तिथून ट्रेनने जाणाऱ्यांना ठाऊक आहे का?

पण माझी नजर खिळली ती माहितीपुस्तिकेवर. तेल कुठे कुठे घालायचं ते दाखवणारं पान तेलाच्या डागांनी पिवळं पडलेलं. म्हणजे त्या बाईंनी वर्षानुवर्षं पुस्तक उघडून, एकेका भोकात थेंब थेंब तेल सोडलं होतं. मी प्लग लावला, पायाने पेडल दाबलं, टाका सरळ पडला. दुसरा दिवस म्हणून पाव किंमत कमी, तीस डॉलर. आमच्या गणपतीच्या मखराचे पडदे दरवर्षी त्याच मशीनवर शिवले जातात.

माझं सांगणं एवढंच आहे : मिरवायला ठेवलेली वस्तू घेऊ नका, हाताळलेली घ्या. जी रोज वापरली गेली आणि तरी टिकली, तिची परीक्षा आधीच होऊन गेली आहे. अशा वस्तू स्वयंपाकघरात, गराजमध्ये आणि बेसमेंटमध्ये सापडतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत, म्हणून छापलेला विषय आता भरभर.

किमतीचं गणित असं. सेल चालवणारी कंपनी विक्रीतला हिस्सा घेते, बहुधा तीस-चाळीस टक्के. शिवाय घर ठरल्या दिवशी रिकामं करून द्यायचं असतं. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी साधारण पाव कमी, शेवटच्या दिवशी निम्मी. पहिल्या सकाळी घासाघीस करू नका. शेवटच्या दुपारी चार वस्तू एकत्र करून एक आकडा सांगा, बहुतेकदा हो म्हणतात. एखादी वस्तू हवीच असेल तर मात्र पहाटे जाऊन नंबर लावा.

बिडाचा तवा सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतो का बघा, बोटाने वाजवा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. ग्रिसवोल्ड या जुन्या अमेरिकन कंपनीचा मिळाला तर सोडू नका, त्यावर डोसा सुरेख सुटतो. चांदीवर 'स्टर्लिंग' असेल तर साडेब्याण्णव टक्के चांदी, 'ईपीएनएस' असेल तर नुसता मुलामा. विजेची वस्तू तिथेच लावून बघा आणि भारतात पाठवायची असेल तर ती ११० व्होल्टची आहे हे विसरू नका. गादी-सोफ्याच्या शिवणी उलटून ढेकूण तपासा. जुन्या रंगीत काचेच्या-मातीच्या भांड्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्यात लोणचं, चिंच, सार ठेवू नका.

आणि तान्ह्या बाळाचा जुना पाळणा, कितीही देखणा असो, घेऊ नका. एका बाजूची कड खाली सरकणारे पाळणे इथे २०११ पासून विकायलाच बंदी आहे. कार-सीटलाही मुदत असते, अपघातातून गेलेली सीट तर वरून ओळखूच येत नाही. या दोन गोष्टी नव्याच घ्या, बाकीचं घर खुशाल जुन्याने सजवा.