इथेच घोडं पेंड खातं

मंडळी, या पटावर बुद्धिबळाच्या एका डावाची शेवटची स्थिती मांडून ठेवली आहे. बाकीचं सगळं नंतर. आधी काळ्याचा हा बी३ वरचा घोडा बघून घ्या (उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी त्याच्या बाजूने एक ते आठ). डाव एक्केचाळिसाव्या चालीला संपला. हा घोडा अठराव्या चालीला इथे येऊन बसला आणि पुढे एकदाही हलला नाही. आज बोलायचं आहे ते एका प्याद्याच्या बळीबद्दल, पण मी सारखा या घोड्याकडे वळणार आहे.

डाव १९३८च्या नोव्हेंबरमधला, नेदरलँड्समधला. आव्रो या डच रेडिओ संस्थेने त्या काळातले आठ दिग्गज एकत्र आणले होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. केरेस आणि फाइन बरोबरीने वर राहिले. तिसरा आला बोट्विनिक, तेव्हा सत्तावीस वर्षांचा. या डावात पांढरी त्याची. काळी कापाब्लांकाची. १९२१ ते १९२७ हा माणूस जगज्जेता होता आणि याच स्पर्धेदरम्यान त्याने पन्नाशी गाठली.

सुरुवात निम्झो-इंडियन. त्यात अडकायला नको. लक्षात एवढंच ठेवा, की बाराव्या चालीला पांढऱ्याने आपला उरलेला उंट बी२ वर ठेवला, स्वतःच्याच सी३ आणि डी४ वरच्या प्याद्यांमागे. इतका बिचारा उंट, की एखादा नवशिका असा ठेवताना दिसला तर आपण त्याला दटावू. आणि काळ्याचा एक घोडा ए६ वर, पटाच्या कडेला.

आता चौदावी चाल. पांढऱ्याचा वजीर डी३ वर येतो, त्या ए६च्या घोड्यावर नजर ठेवून. कापाब्लांकाने उत्तर दिलं ते सी-प्यादं पुढे ढकलून, सी४. वजिराला हुसकावलं, घोडा वाचला, दिसायला छान. पण ते प्यादं सी५ वर होतं तोवर डी४वर दाब होता, पांढऱ्याला मध्यभागी हात मोकळे नव्हते. तो दाब काळ्याने स्वतःच उठवला. का उठवला? कारण त्याला पांढऱ्याचं ए४ वरचं प्यादं दिसलं होतं. मला विचाराल तर डाव इथेच फिरला, बळी वगैरे नंतरच्या गोष्टी.

पुढच्या पाच चाली मी मुद्दाम सावकाश दाखवतो. पांढऱ्याचा वजीर सी२ वर गेलाय, तिथून तिरक्या रेषेत बी३वरून ए४च्या प्याद्याची राखण करतोय. काळ्याचा घोडा ए६वरून बी८ला परत येतो, मग सी६, मग ए५, मग बी३. बी३ वर तो वजीर आणि प्यादं यांच्या मधोमध बसतो, राखण तुटते, आणि काळा वजीर ए४ खातो. चार चाली घोड्याच्या, एक वजिराची. एका प्याद्यासाठी पाच.

याच वेळात पांढरा काय करतो? ए१ वरचा हत्ती सरळ ई१ ला नेतो. म्हणजे त्या प्याद्याचा दुसरा राखणदारच उचलून नेला. नजरचूक म्हणावी, तर पुढच्या चाली बघा: घोडा जी३, प्यादं एफ३, प्यादं ई४, प्यादं ई५. हिशेब दोघांचाही पाच-पाच चालींचाच. पण एकाच्या पाच चाली पटाच्या डाव्या कडेला खर्ची पडल्या आणि दुसऱ्याच्या मध्यात, राजाच्या दिशेने. पुढाकार म्हणतात तो हाच. त्यात गूढ काही नाही, मोजता येतो.

आणि इथेच घोडं पेंड खातं. या डावात तर अक्षरशः.

विसाव्या चालीनंतर काळ्याला सुटकेची एक वाट होती. बी३चा घोडा सी५वर उडी मारतो, तेवढ्यात ए४चा वजीर सी२च्या वजिरावर उघडा पडतो, आणि वजिरांची मारामारी होते. वजीर पटावरून गेले की हल्ला कशाचा करणार? डाव्या बाजूला काळ्याची ए आणि बी ही दोन प्यादी मोकळी धावणार, आणि तो शेवट पांढऱ्यासाठी मरणाचा आहे. म्हणून एकविसाव्या चालीला पांढरा कुठलाही हल्ला न करता वजीर गुपचूप एफ२वर सरकवतो. आता सी५वर आलेला घोडा डी४चं प्यादं सरळ मारू शकतं. या डावावर बोलताना सगळे शेवटच्या फटाक्यांकडे धावतात. मला ही चाल जास्त आवडते. घोड्याच्या दारावरचं कुलूप आहे ते. आता त्याला नीट परतायचं तर ए५वरूनच, उलट पावली, आणि तेवढा वेळ आहे कुणाकडे?

मघाशी एकाने विचारलं, कापाब्लांकासारख्याला हे कळलं नाही? अहो, फुकटचं प्यादं खाऊन पचवण्यात तो पटाईत होता. १९१८ साली न्यूयॉर्कला मार्शलने त्याच्यावर एक तयार करून आणलेला बळी टाकला, ज्याला आज आपण मार्शल हल्ला म्हणतो. कापाब्लांकाने पटावर बसून, जागच्या जागी बचाव शोधला आणि डाव जिंकला. पण ते प्यादं मध्यातलं होतं, ई५चं. खाणारी मोहरी लढाईच्या ठिकाणीच राहिली. इथे खाणारी मोहरी गावाबाहेर गेली. मला तरी फरक एवढाच दिसतो.

मधला भाग भरभर. पांढरा एफ४ खेळतो. काळा एफ५ने वाट अडवतो. ते प्यादं जाता-जाता मारलं जातं (दोन घरं उडी घेतलेल्या प्याद्याला शेजारचं प्यादं लगेच, एकच घर गेल्यासारखं मारू शकतं) आणि पांढऱ्याचं एफ-प्यादं पुन्हा पुढे, एफ५. हत्तींची एक जोडी जाते. मग सव्विसाव्या चालीला पांढरा हत्ती ई६वर घुसतो. काळ्याने तो मारला, आणि ई६वर पांढऱ्याचं प्यादं बसलं, राजाच्या नाकासमोर. काळा वजीर ए४वरून धावत ई८, मग ई७वर येतो, त्या प्याद्यापुढे आडवा पडून राहतो. वजीर परतला. घोडा नाही.

आता तिसावी चाल. काळ्याकडे अजून एक प्यादं जास्तच आहे बरं का. आणि पांढरा तो बिचारा उंट उचलून ए३वर ठेवतो, उघड्यावर. बारा ते तीस, एकदाही न हललेला. सांगतो काय तर ई७ सोड. वजिराने उंट मारला. लगेच घोडा एच५वर, शह. जी-प्याद्याने घोडा मारला. वजीर जी५वर, शह. राजाला एफ८वर जावं लागलं, म्हणजे एफ६च्या घोड्याचा राखणदार गेला. वजिराने तो घोडा शह देत मारला, आणि ई-प्यादं ई७वर.

मी पहिल्यांदा हा डाव मांडला तेव्हा इथेच पट आवरायला लागलो होतो. संपलं नव्हतं. काळ्या वजिराकडे शह होते, आणि कायम शह बसला, म्हणजे न संपणारे शह सुरू झाले, तर बरोबरी. पांढरा राजा एफ२, जी३, एच४ असा चालत निघाला आणि एच५वरचं प्यादं, त्याच्याच घोड्याच्या बळीतून तिथे आलेलं, स्वतः खाऊन टाकलं. मग परत एच४, जी-प्यादं पुढे घालून आडोसा, आणि पुन्हा एच५. आता काळ्याकडे उपयोगाचा शह नाही. कापाब्लांकाने डाव सोडला.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम. चौतिसाव्या चालीला ई७ ऐवजी आधी वजिराने एफ७वर शह दिला असता तर? वजीर एफ६वर असताना जी५चं घर त्याच्या ताब्यात आहे, एफ७वर गेला की नाही. काळ्याचे शह एकेक करून मोजा आणि लिहून आणा.