रेकॉर्डवरची कामिनी

नमस्कार मंडळी! जेवणं झाली का? आज एकच गाणं घेऊन आलोय, पण लावायच्या आधी जरा बडबड करणार आहे, तेवढी सहन करा.

गाणं 'आयेगा आनेवाला', पिक्चर 'महल', साल १९४९. आता तुम्ही म्हणाल यात काय सांगायचंय, लताबाईंचं गाणं, शेंबड्या पोरालाही माहितीये. थांबा थांबा. १९४९ साली हे फारसं कुणाला माहिती नव्हतं. गाणं जोरात चाललेलं, पण गातंय कोण ते कळायला मार्ग नाही, कारण रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलेलं 'कामिनी'.

ही कामिनी कोण, तर पिक्चरमधलं पात्र. त्याआधीच्या काळात नट-नट्या स्वतःच गायच्या ना, त्यामुळे पडद्यावर जी दिसते तीच गाते असं लोक धरूनच चालायचे, आणि प्लेबॅक आला तरी ती सवय काही लगेच सुटली नाही, तबकडीवर पात्राचं नाव टाकलं की झालं काम. आता यातली गंमत बघा. (ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनी अर्धा मिनिट आवाज बारीक करा, पण पंचाहत्तर वर्षं झाली की हो, आता सस्पेन्स फोडला तर काय बिघडतंय.) खरी कामिनी पिक्चर सुरू व्हायच्या कितीतरी आधी मेलेली असते. अशोककुमारला हवेलीत जी दिसते, गाऊन गाऊन वेड लावते, ती भूत वगैरे काही नसून माळ्याची पोरगी असते. म्हणजे रेकॉर्डवर जे नाव होतं ते गाणारीचं तर नव्हतंच, पण ओठ हलवणारीचंही नव्हतं! आणि त्या माळ्याच्या पोरीचं नाव काय, तर आशा. मंगेशकरांच्या घरात एक आशा होतीच. निव्वळ योगायोग, पण मला जाम आवडतो.

ही पोरगी झालेली मधुबाला तेव्हा अवघी सोळा वर्षांची, आणि लताबाई विशीच्या. बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला, म्हणजे लोकल पकडायची, मालाडला उतरायचं, तिथून टांगा. असंच एकदा जाताना एक पोरगा लोकलमध्ये चढला, मालाडला उतरला, टांग्याच्या मागे टांगा करून थेट स्टुडिओत! बाई घाबरल्या, संगीतकार खेमचंद प्रकाशना म्हणाल्या हा माझ्या मागे मागे येतोय. ते हसले, म्हणाले अगं हा अशोककुमारचा भाऊ, किशोर. ही गोष्ट 'महल'च्या आधीची, 'जिद्दी'च्या वेळची, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

हां, तर मूळ मुद्दा. गाण्याची सुरुवात आठवा, 'खामोश है जमाना'. अजून ठेका सुरू नाही, नुसता आवाज, आणि तो कुठूनतरी लांबून येतोय, हवेलीच्या दुसऱ्या टोकाहून. आज हे कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. तेव्हा तसलं काही नव्हतं. मग केलं काय, तर माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाईंना कोपऱ्यात उभं केलं. तिथून गात गात हळूहळू माइककडे चालत यायचं, आणि बरोब्बर माइकपाशी पोचल्यावर मुखडा उचलायचा. पावलाचा आवाज आला, टेक गेला. श्वास सांभाळायचा, सूर सांभाळायचा, आणि वर पाऊलही सांभाळायचं. मी हे इतकी वर्षं ऐकत होतो, एकदा रात्री लाइट गेलेले असताना हेडफोन लावून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की अरे, ही बाई खरंच खोलीतून चालत येतीये आपल्याकडे. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

तर रेकॉर्ड आली, वाजायला लागली, आणि रेडिओवर पत्रांवर पत्रं. ही कामिनी कोण? नाव सांगा! तुमच्यासारख्याच श्रोत्यांनी लिहिलेली पत्रं हो. शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा केली आणि नाव जाहीर केलं, लता मंगेशकर. म्हणून आपल्या धंद्याला या गाण्याचा मान थोडा जास्तच आहे असं मी समजतो, समजू द्या.

बाईंनी मात्र हे नावाचं प्रकरण डोक्यात ठेवलं बहुतेक. पुढे 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा शंकर-जयकिशननी समारंभात 'रसिक बलमा' गायला सांगितलं, तर बाई म्हणाल्या, गाणाऱ्यांसाठी बक्षीसच नाही ना, मग मी गाणार नाही. १९५९ पासून ते बक्षीस सुरू झालं, आणि पहिलं कुणाला मिळालं हे सांगायला नकोच. 'आजा रे परदेसी'साठी.

खेमचंद प्रकाश मात्र यातलं काही बघायला राहिले नाहीत. राजस्थानातल्या सुजानगढचा हा माणूस, 'तानसेन'ची गाणी यांचीच, आणि १९५० च्या ऑगस्टमध्ये गेले. पिक्चर लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. लताबाईंना पुढची सत्तर वर्षं जगानं डोक्यावर घेतलं आणि ज्यानं त्यांना त्या कोपऱ्यात उभं केलं त्याचं नाव आज रस्त्यात दहा जणांना विचारा, एकालाही येईल की नाही शंका आहे. म्हणून आज नावं नीट घेतो, सगळी.

पिक्चर 'महल'. दिग्दर्शक कमाल अमरोही. गीतकार नक्शब जारचवी. संगीतकार खेमचंद प्रकाश. गायिका, कामिनी नाही, लता मंगेशकर. शक्य असेल तर खोलीतला दिवा घालवा, आणि सुरुवातीला आवाज मुद्दाम वाढवू नका, ती येईल चालत. लाव रे रेकॉर्ड.