लोणच्याच्या दोन बरण्या

नमस्कार श्रोतेहो. मुंबईची दहिसर नदी तुळशी तलावापाशी उगम पावते, राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि बोरिवली-दहिसरमधून मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून जेमतेम 12 किलोमीटर.

गेल्या थंडीत आमच्या इमारतीतली दोन मुलं आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेऊन मी या नदीवर गेले. पहिली बरणी उद्यानात भरली. पाणी इतकं नितळ की बरणीत बोटभर मासा आला, तो मुलांनी अलगद परत सोडला. दुसरी भरली तबेल्यांच्या खालच्या अंगाला. तिथं भिंतीतून एक पाइप आलाय आणि गोठा धुतलेलं शेणमूत थेट नदीत पडतंय. हात बुडवला तर मनगटापर्यंत बुळबुळीत गाळ. दोन्ही बरण्या खिडकीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुसरीचं झाकण उघडलं आणि मुलं नाक धरून पळाली. धाकटा दारातूनच म्हणाला, "काकू, आपलं दूध तिथूनच येतं ना?"

तिथूनच येतं. मग मी तबेल्यात गेले. मालकांनी बाजेवर बसवलं, घट्ट दुधाचा चहा दिला आणि सरळ सांगितलं, "ताई, आधी शेतकरी शेण मागून न्यायचे. आता उचलायला ट्रकवाला पैसे घेतो. पाणी मारलं की एका मिनिटात साफ."

एका मिनिटात साफ! एक म्हैस दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकते. म्हशी 200 असतील तर रोजचं किमान 3 टन. शेण शेतात पडलं तर खत आहे, नदीत पडलं तर विष आहे. पुन्हा सांगते, शेतात खत, नदीत विष. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. चारा बाहेरगावाहून ट्रकने येतो, पण शेण त्या शेतांकडे परत जात नाही. दुखणं तिथं आहे.

बरण्या घेऊन मी एका कार्यालयातही गेले. उत्तर मिळालं, "बाई, तो नाला आहे." नदीला नाला म्हणायची ही सवय मला फार लागते. आपणही रिक्षावाल्याला 'नाल्याजवळ सोडा' म्हणतो. ते आधी थांबवा.

कायदा 1974 पासून आहे, घाण पाण्यात सोडायला बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये डेअरी आणि गोशाळांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. शेणाचं खत करा, बायोगॅस करा, नाल्यात सोडू नका. पण पाइपपाशी येऊन बघणार कोण? तबेल्यांना मुंबईबाहेर हलवायची चर्चा मी कित्येक वर्षं ऐकतेय. हलवा, पण तिथंही शेणाची सोय आधी करा. नाहीतर तिथली नदी मरेल.

पावसाळ्याआधी पुन्हा त्याच दोन जागी जाणार आहोत. मुलांनी बरण्या धुऊन ठेवल्यात. या वेळी तबेल्याचे मालकही येतो म्हणालेत.